मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती, आणि तिकीट कसं वाचायचं

मावशीने फोनवर तिकीट वाचून दाखवलं. "मुंबईहून रात्री दोनला निघणार आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणार. साडेपाच तासांत अमेरिका? अरे, गेल्या महिन्यात पुण्याहून रत्नागिरीला जायला आम्हाला सात तास लागले!"

मागून काकांचा आवाज आला. त्यांनी अंतर शोधून काढलं होतं, साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे धरून त्यांचं उत्तर तयार होतं: चौदा तास. जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या मते सोळा. आणि न्यूजर्सीतल्या एडिसनला राहणारी मावसबहीण म्हणत होती, "आई, तू सव्वा दिवस धर आणि मोकळी हो."

यातलं कुणीही चुकत नव्हतं. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होतं. दोन लांबच्या विमानतळांमधला प्रवास मोजायचा तर सरळ अंतर, विमान प्रत्यक्षात उडतं ते अंतर, गेटपासून गेटपर्यंतचा वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ हे चार आकडे वेगळे ठेवावे लागतात. मावशीसाठी मी हा हिशेब कागदावर मांडला, तोच इथे देतो. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं असलं तरी पुणे–सिंगापूर काय किंवा मुंबई–टोरांटो काय, रीत तीच.

पहिली पायरी: भिंतीवरचा नकाशा विसरा

शाळेतल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडून बघा. रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून मोरोक्कोतल्या माराकेशपाशी जाते आणि तिथून अटलांटिक ओलांडते. दिसायला सरळ, पण याच रेघेवरून विमान नेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्यामुळे उत्तरेकडची वाट नकाशावर लांब दिसते, प्रत्यक्षात ती आखूड असते.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा आपोआप सरकून सर्वांत आखूड वाटेवर बसतो. या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात. ती मुंबईहून निघते तीच वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून. पुढे पाकिस्तानातला सिंध, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राचा ईशान्य काठ, व्होल्गाकाठचं सारातोव, आणि मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंडमध्ये. हेलसिंकीच्या जरा उत्तरेने, नॉर्वेतल्या ट्राँडहाइमवरून, आइसलंडच्या रेक्याविकवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून, कॅनडातल्या लॅब्राडोरवरून न्यूयॉर्क.

मावशीचा यावर विश्वास बसायला वेळ लागला. "अमेरिकेला जायला मॉस्कोवरून कशाला?" पण दोरा खोटं बोलत नाही. ही वाट उत्तरेला जवळपास ६५ अंश अक्षांशापर्यंत चढते आणि माराकेशच्या रेघेपेक्षा सतराशे किलोमीटरांच्या आसपास वाचवते. पुणे–नागपूर जाऊन-येऊन होईल एवढं.

दुसरी पायरी: अंतर स्वतः काढा

घाईत असाल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. ते साधन ग्रेट सर्कलनेच मोजतं. रस्त्याने अंतर विचारू नका, समुद्र आला की ते हात वर करतं.

स्वतः करून बघायची हौस असेल तर फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. फोन आडवा धरला की बहुतेक फोनांत तो दिसतो. एकदा तपासून घ्या की तो अंशांवर आहे, रेडियनवर नाही. माझी पहिली दोन उत्तरं याच एका बटणापायी चुकली होती.

लागणारे आकडे चार. मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके: अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा, म्हणून त्यांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूचे असते तर वजाबाकी केली असती. आणि बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची, कारण मग पृथ्वीची दुसरी बाजू जवळची. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को करताना हेच होतं.

सूत्र शब्दांत सांगतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवा. आलेल्या संख्येचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) घेतला की दोन ठिकाणांमधला कोन मिळतो.

साइन १९.०९ म्हणजे ०.३२७०५ आणि साइन ४०.६४ म्हणजे ०.६५१३०. गुणाकार ०.२१३०.
कोसाइन १९.०९ म्हणजे ०.९४५०० आणि कोसाइन ४०.६४ म्हणजे ०.७५८८२. गुणाकार ०.७१७१.
कोसाइन १४६.६५ म्हणजे उणे ०.८३५३३. याने आधीच्या ०.७१७१ ला गुणलं की उणे ०.५९९०.
बेरीज: ०.२१३० उणे ०.५९९०, म्हणजे उणे ०.३८६०.
उलटा कोसाइन: ११२.७ अंश.

पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. ११२.७ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे १२,५३० किलोमीटर. काकांचा आकडा बरोबर निघाला.

एखाद्या संकेतस्थळावर याहून थोडा वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका. आपण पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि काही साधनं तो चपटेपणा हिशेबात घेतात. फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा. त्याहून मोठा घोटाळा एककांचा होतो. ७,७९० लिहिलं असेल तर ते आपल्या ओळखीचे मैल, आणि ६,७६० च्या आसपास असेल तर सागरी मैल. वैमानिक सागरी मैलांतच बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तिसरी पायरी: आभाळातल्या बंद दारांचा हिशेब

इथपर्यंत भूमिती. पण आभाळालाही हद्दी असतात आणि त्या कुणी ना कुणी बंद करत असतं. दोऱ्याची वाट आता पुन्हा आठवा.

सिंध. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना याचा फटका मोठा, कारण त्यांना आधी दक्षिणेला उतरून मग वळावं लागतं. काही लांबच्या विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावं लागलं. मुंबई समुद्रकाठी असल्याने आपलं नशीब बरं. विमान अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूला निघून जातं. मुंबई–मस्कत आणि मस्कत–न्यूयॉर्क अशी दोन अंतरं वरच्याच सूत्राने काढून बेरीज केली तर १२,९२० किलोमीटर येतात. वाढ चारशेच्या आत, म्हणजे अर्धा तास.

अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ नंतर तिथे हवाई वाहतूक नियंत्रण जवळपास उरलं नाही, त्यामुळे अनेक कंपन्या ती हद्द टाळत आल्या आहेत.

रशिया. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आभाळ बंद झालं. एअर इंडियाला ते बंद झालं नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांची वाट वेगळी असू शकते, आणि म्हणून वेळही. युक्रेनचं आभाळ तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद आहे. आणि हे टाळून इराण-इराकवरून जावं म्हटलं, तर जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धात तीही आभाळं काही दिवस मिटली होती.

यात भर दोन इंजिनांच्या विमानांच्या नियमाची. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेवर कायम हाताशी लागतो. आइसलंडचा केफ्लाविक, कॅनडातले गूज बे आणि गँडर ही नावं म्हणूनच या वाटेवर महत्त्वाची. आपत्कालीन उतरणं म्हणजे काय हे जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानातल्या प्रवाशांना कळलं. इंजिनातल्या बिघाडामुळे ते रशियाच्या अतिपूर्वेला मागादानला उतरलं आणि प्रवाशांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं.

घरबसल्या अंदाजासाठी एवढं करा: सरळ अंतरात चार टक्के मिळवा. वाट वाकडी असल्याचं दिसत असेल तर जास्त. आपलं १२,५३० चं झालं सुमारे १३,०३०. कालची खरी वाट बघायची असेल तर विमानाचा क्रमांक टाकून फ्लाइटरडारसारखं संकेतस्थळ उघडा. आठवड्यातले तीन-चार दिवस बघा, एकाच दिवसावर भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी: वारा

काकांच्या ताशी नऊशेत चूक नाही. आजची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे पन्नासच्याही खाली असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरांच्या घरात. त्याच्या ०.८५ पट म्हणजे नऊशे. पण हा वेग हवेच्या संदर्भातला आहे, आणि ती हवा स्वतःच धावत असते.

उत्तर गोलार्धात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते आणखी जोरात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो याच वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. उलट्या दिशेला तोच वारा छातीवर घ्यावा लागतो.

आपण पश्चिमेला जाताना उलटा वारा, येताना पाठचा. म्हणून जाताना जास्त वेळ लागतो. पृथ्वी खालून फिरत असल्याने असं होतं, हे आमच्या काकांचं जुनं मत. काका, हवा पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर हेलिकॉप्टर पुण्यात नुसतं वर तरंगत ठेवून तासाभराने आफ्रिकेच्या दिशेने दीडहजार किलोमीटर पुढे उतरलो असतो.

सगळ्या वाटेवर वारा सारखा नसतो. कुठे आडवा, कुठे काहीच नाही. अंदाजापुरता सरासरी ताशी ४० किलोमीटर धरा. जाताना वेग ८६०, येताना ९४०.

पाचवी पायरी: गेट ते गेट

आता भागाकार. जाताना १३,०३० भागिले ८६० म्हणजे १५ तास १० मिनिटं. येताना १३,०३० भागिले ९४० म्हणजे १३ तास ५० मिनिटं.

यात एक गोष्ट राहते. तिकिटावरची वेळ ही चाकं जमिनीवरून सुटण्याची नसते. विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती निघण्याची वेळ, आणि दुसऱ्या टोकाला गेटवर उभं राहतं ती पोचण्याची. मधल्या काळात धावपट्टीपर्यंतची रांग, चढताना-उतरताना कमी झालेला वेग, उतरण्याआधीच्या घिरट्या. यासाठी ४० मिनिटं मिळवा. मुंबई आणि जेएफके दोन्ही गजबजलेले, त्यामुळे याहून कमी धरू नये.

जाताना १५ तास ५० मिनिटं, येताना साडेचौदा. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानांच्या छापील वेळा याच आसपास असतात. शेजाऱ्यांचे सोळा तास इथे आले.

हाताशी असावं असं एक सोपं सूत्रही सांगतो, कुठल्याही लांबच्या प्रवासाला चालणारं: सरळ अंतराला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. आपल्या उदाहरणात साडेपंधरा तास येतात. जाता-येताचा फरक त्यात दिसत नाही, पण तिकिटाच्या खिडकीशी उभं राहून एवढं पुरतं.

कधी विमान छापील वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचतं आणि सगळे वैमानिकाचं कौतुक करतात. कौतुक करावंच, पण कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात हेही माहीत असावं.

सहावी पायरी: घड्याळ

मावशीचे साडेपाच तास इथे सुटतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सगळे घोळ या एका वाक्यापाशी होतात.

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण काहीच करत नाही, म्हणून फरक बदलतो.

मावशीचं तिकीट जानेवारीचं. रीत अशी: आधी निघण्याची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळात न्या, मग वजाबाकी करा. मुंबईत रात्रीचे दोन वाजलेत तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशी दुपारचे साडेतीन. तिथपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत किती? सोळा तास. सुटलं.

परतीच्या तिकिटाचं एक उदाहरण, तेही हिवाळ्यातलं धरून: न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघून मुंबईला १२.४५ ला, आणि शेजारी बारीक अक्षरांत "+१". तो अधिक एक म्हणजे दुसरा दिवस. निघताना मुंबईत रात्रीचे साडेदहा. तिथपासून दुसऱ्या दिवशी पाऊण वाजेपर्यंत १४ तास १५ मिनिटं. ही बारीक "+१" न दिसल्याने विमानतळावर एक दिवस आधी घ्यायला गेलेले मला माहीत आहेत. त्यांतला एक मी.

रात्री दोनच्या विमानाचा आणखी एक सापळा आहे. तारीख १५ असेल तर ते १४ च्या रात्री जेवून निघायचं विमान आहे. "पंधराला रात्री निघू" म्हणून बसलात तर विमान अमेरिकेत पोचलेलं असेल. मी मावशीच्या कॅलेंडरवर १४ तारखेलाच लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: आज संध्याकाळी.

थेट जायचं की मध्ये थांबून

एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. पण अशा लांबच्या सेवांच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे कमीजास्त होतात, तेव्हा आपल्या तारखेला थेट विमान आहे का हे तारीख टाकूनच बघा.

मध्ये थांबलं की अंतर खूप वाढतं असं वाटतं. सूत्र लावून बघा. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०००, मिळून १२,९३०. थेटपेक्षा चारशेने जास्त. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. फक्त सव्वादोनशेने जास्त! लंडन त्या दोऱ्याच्या वाटेपासून फार दूर नाही, एवढंच त्याचं कारण. सिंगापूरमार्गे मात्र सव्वाएकोणीस हजारांच्या वर जातं. स्वस्त दिसलं तरी हे तिकीट घेण्याआधी बसायचे तास मोजा, कारण सिंगापूर–न्यूयॉर्क हेच अठरा-एकोणीस तासांचं, जगातलं सर्वांत लांब नियमित उड्डाण आहे.

म्हणजे थांब्याच्या प्रवासात वेळ वाढतो तो अंतरामुळे फारसा नाही, मधल्या विमानतळावर बसण्यामुळे. दुबईमार्गे उडण्याचे तास सतरा-साडेसतरा, वर तीन-चार तासांचा थांबा. एकूण वीस-एकवीस. इथेही स्थानिक वेळेचं भान ठेवा. दुबई आपल्या दीड तास मागे. समजा मुंबईहून पहाटे ४.३० ला निघून ६.१० ला दुबईत, तर उड्डाण तीन तास दहा मिनिटांचं आहे, एक तास चाळीसचं नाही.

दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा आलं की तो छान राहत नाही. ज्येष्ठ माणसांसोबत मी तीन तासांखाली जात नाही. आणि दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढली तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, सामानही मध्ये काढून पुन्हा द्यावं लागू शकतं.

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसऱ्या गावी जायचं असेल तर थांबा आणखी मोठा ठेवा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा पट्ट्यावर टाकाव्या लागतात. अबू धाबीला अपवाद आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन चढण्याआधीच उरकतं, पण मग तो वेळ अबू धाबीच्या थांब्यात धरायला हवा.

थांबे घेत जाणं आपल्याला नवीन नाही म्हणा. ८ जून १९४८ ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. न्यूयॉर्कची सेवा त्यानंतर १९६० मध्ये, बोइंग ७०७ आल्यावर, लंडनमार्गे सुरू झाली.

सातवी पायरी: घर ते घर

मावसबहिणीचा सव्वा दिवस आता बघू. हा हिशेब उलटा करायचा, विमानाच्या वेळेपासून मागे.

विमान रात्री २ ला. तीन तास आधी पोचायचं म्हणजे ११. कोथरूड ते सहार विमानतळ साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. वाटेत एक थांबा धरून चार तास. घाटात ट्रक अडकणं, वाशीच्या पुलावरची गर्दी यासाठी एक तास वेगळा. निघायचं संध्याकाळी ६ ला. जुलै-ऑगस्ट असेल तर ५ ला, दरड कोसळल्याच्या बातम्या तेव्हाच येतात. तिकिटावरचा विमानतळाचा कोडही बघून घ्या. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्याचा कोड एनएमआय, सहारचा बीओएम. पुण्याहून येणाऱ्याने पनवेलपाशी कुठे वळायचं हे त्यावर ठरतं.

सकाळी साडेसातला विमान न्यूयॉर्कच्या गेटवर लागलं. तेव्हा भारतात संध्याकाळचे सहा. म्हणजे कोथरूडच्या घराला कुलूप लावल्याला बरोबर चोवीस तास झाले, आणि मावशी अजून विमानातच आहे. पुढे इमिग्रेशन आणि बॅगा: दोन तास धरा, लवकर झालं तर आनंद. जेएफके ते एडिसन साठेक किलोमीटर, सकाळच्या गर्दीत दीड-दोन तास. एकूण अठ्ठावीस तास.

इथे माझं एक ठाम मत आहे. एडिसन, प्रिन्स्टन किंवा जर्सीत कुठेही जाणाऱ्यांनी नुअर्कचं, म्हणजे जर्सीतल्याच विमानतळाचं, विमान आधी बघावं. मुंबईहून अंतर जवळपास तेवढंच, पण उतरल्यावर एडिसन पंचवीस-तीस किलोमीटरवर. आकाशातले दोनशे किलोमीटर वाचवणं म्हणजे पंधरा मिनिटं. न्यूयॉर्क शहर पार करणं टाळलं की तास वाचतो, शिवाय घ्यायला येणाऱ्याचा रक्तदाब.

रक्तदाबावरून आठवलं. रोजच्या गोळ्या असतील तर प्रवासात त्या भारताच्या वेळेने घ्यायच्या की तिथल्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको. आणि व्हीलचेअर मागायला लाजू नका. चालायला त्रास नसला तरी सोळा तास बसून पाय आखडल्यावर गेटपासून इमिग्रेशनपर्यंतची चाल लांब वाटते. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवायची.

मावशीसाठी शेवटी जो कागद केला त्यावर दोन रकाने होते, "पुण्याचं घड्याळ" आणि "तिथलं घड्याळ". निघणं, चढणं, पहिली गोळी, झोप, दुसरी गोळी, उतरणं. काकांनी तो बघितला, चष्मा पुसला आणि त्यांच्या मनगटावरचं जुनं घड्याळ पुण्याच्याच वेळेवर राहील असं जाहीर केलं. तिथली वेळ मावशीच्या फोनवर बघायची. मग मावशीने परतीचं तिकीट पुढे केलं. "हे एप्रिलचं आहे. यालाही साडेदहाच तास ना?"

"नाही मावशी. मार्चमध्ये त्यांचं घड्याळ पुढे गेलेलं असेल. साडेनऊ."

तिने दुसऱ्या रकान्यात खाडाखोड केली.